सातव्या ओळीतली रिकामी जागा

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. भुताखेताचं सांगणाऱ्यांची मी तोंडावर टिंगल करते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय...

आम्ही वसईच्या पाचूबंदरचे, ख्रिस्ती कोळी. माझी फिजिक्समध्ये पीएच.डी. चालू आहे. लेझरच्या प्रकाशाची जाळी करतात, अंड्यांच्या ट्रेसारखी, आणि तिच्या खळग्यांत अतिथंड रेणू एकेक करून अडकवतात. जागचे न हलताही त्यांना एकमेकांची ओढ जाणवते. ती किती, याचं मॉडेल मी घरी लॅपटॉपवर चालवते. प्रोग्राम सुरू करताना कुठलाही एक आकडा द्यावा लागतो. मी पास्कूदादाची जन्मतारीख देते. माझा थोरला भाऊ. गेल्या वर्षी बोटीवरून समुद्रात पडला, तो सापडलाच नाही.

ऑक्टोबरात मी सातव्या ओळीतला एक रेणू काढून टाकला. शेजारचे चारही रेणू मात्र तो तिथेच असल्यासारखे वागत राहिले. दुसरा आकडा दिला की सगळं ठीक — दादाची तारीख दिली की पुन्हा तेच. माझ्या गाइड सरांनी प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. चूक सापडली नाही.

आणि मी मूर्खासारखं हे आईला सांगितलं.

"म्हंजे जागा रिकामी, पन शेजाऱ्यांना तो हाय असं वाटतं?"

"तसंच काहीतरी."

"मंग हाय तो," आई म्हणाली, आणि किती तरी दिवसांनी पोटभर जेवली.

नोव्हेंबरात मृतांच्या मिस्सासाठी, म्हणजे त्यांच्या आत्म्यासाठीच्या प्रार्थनेसाठी, चर्चमध्ये नावं द्यायची असतात. पप्पांनी चिठ्ठीवर दादाचं नाव लिहिलं. आई म्हणाली, "आधी पोरीला इचारा. ती सांगल तसं करा."

त्या सकाळी मी तीच फाइल उघडली, तोच आकडा दिला. चारही शेजारी शांत. त्या जागेची ओढ शून्य. वीस वेळा चालवून पाहिलं... शून्य.

आई दारात उभी. "हाय ना गो बाय, आजपन?"

"हाय," मी म्हणाले.

पप्पांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

आधी ते का दिसायचं आणि मग का थांबलं, मला आजही सांगता येत नाही. प्रोग्राम तेव्हापासून उघडलेला नाही. आई मात्र रोज चहा घेऊन येते आणि विचारते, आणि मी रोज हो म्हणते.