यांतिनाचं मत आणि एप्पोचा रुसवा

ग्रोनिंगन शहराच्या उत्तरेला आमच्या गावात मांडीपर्यंतचे रबरी बूट घालून नाल्यात उभा असलेला माणूस दिसला, की तो एप्पो समजायचा. वय एकसष्ट, मेंढ्या चौदा, बायको नाही. मत म्हणाल तर तेवीस वर्षांत एकदाही दिलेलं नाही. गावचा पोहायचा तलाव बंद केला तेव्हापासून गडी रुसलाय. "मत दिलं की त्यास्नी वाटतं, आपण खूश हाय," म्हणतो.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी मार्चात संसदेची निवडणूक आली. मतदानाच्या शेवटच्या दिवशी सकाळी दहाला शेजारच्या यांतिनाचा फोन. तिच्याकडे झाडलोटीला येणाऱ्या बाईला कोरोना निघाला, म्हणून ही घरात कोंडलेली. सत्तरी झालेल्यांना टपालाने मत देता येत होतं, पण हिला दोन वर्षं कमी. अठराव्या वर्षापासून हिने एकही निवडणूक सोडलेली नाही. त्यात या खेपेला तिच्या पक्षाच्या यादीतली सतरा नंबरची उमेदवार तिच्या स्वयंपाकघरात गुडघे टेकून, भूकंपाने भिंतीला गेलेल्या भेगा बघून गेली होती.

"माझं मत तू टाक," ती म्हणाली. "कोरोनामुळं यंदा एकाला दुसऱ्यांची तीन मतं चालत्यात. तुझी दोनच झाली न्हवं?"

मी आपला तोऱ्यात हो म्हणालो. बायको ओट्यापाशी फिसकन हसली.

"आवं, दुसऱ्याचं मत आपल्या मताबरोबरच टाकावं लागतं. तुमी तर साडेसातलाच उरकून आलाय."

खरं होतं. आमच्या गावाची खोडच ती. मतदानाचं दार उघडायच्या आधी आम्ही रांगेत. दुपारपर्यंत मी सगळी घरं पालथी घातली. ज्याला त्याला विचारावं तर तो मत देऊन मोकळा. उरला एक एप्पो. आणि एप्पोच्या मेंढ्याने मागच्या वर्षी यांतिनाची फुलझाडं मुळासकट खाल्ल्यापासून दोघांचं बोलणं बंद.

मी नाल्यापाशी गेलो.

"म्हंजी तिच्यापायी मी माझं बी मत टाकायचं?" एप्पो म्हणाला. "तेवीस वर्सं पाळलंय मी!"

"नसंल जमत तर ऱ्हाऊ दे. तिचं पहिल्यांदा चुकंल, एवढंच."

त्याने फावडं चिखलात रोवलं. मग म्हणाला, "माझी मतदानाची चिठ्ठी खुराड्याच्या दाराला पाचर म्हणून ठोकलीया. निघंल का बघ."

निघाली. एका कोपऱ्याला कोंबडीची विष्ठा, पण नाव वाचता येत होतं. यांतिनाने खिडकीतून आपली चिठ्ठी, मागे एप्पोचं नाव लिहून सही करून, ओळखपत्राच्या नकलेबरोबर टोपलीतून खाली सोडली.

"सतरा नंबर!" ती वरून ओरडली. "आन् तुझ्या मेंढ्याला इचारून टाकू नगंस!"

"त्यो तुझ्यापरास शाना हाय!" खालून उत्तर.

एप्पो बुटांसकट मतदानाच्या सभागृहात शिरला. मतपत्रिका चादरीएवढी, आणि हा एकाच्या जागी दोन घेऊन आडोशाला गेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. मागे रांग कुरकुरायला लागली. बाहेर आला तेव्हा घामाघूम, आणि मत रंगवायची लाल पेन्सिल कानावर. यंदा ती घरी न्यायची मुभा होती.

खिडकीत यांतिना टेकूनच बसलेली. "सतरा?"

"सतरा."

"कशावरनं?"

"मी सांगतोय म्हनून. दुसरं काय बी न्हाय."

मग टोपली खाली आली. आत झाकणाच्या डब्यात मोहरीचं सूप, वाफाळतं.

"खोटं बोलत असशील तर डबा परत दे."

त्याने डबा उघडला आणि तिथेच फाटकाला टेकून प्यायला लागला.

"आन् वीस मिनिटं कशाला लागली रं मग?"

"तुझं अर्ध्या मिनिटात झालं. माझंच घोडं अडलं की!"

"कुनाला दिलंस?"

"ते गुपित असतंय म्हनं," एप्पो म्हणाला, आणि डब्याचा तळ बोटाने पुसून घेतला.