दुकान वाढवलं

बाबा मला साहेब म्हणतात. विस्मरणाचा आजार बळावल्यापासून मी त्यांचा मुलगा आहे हे त्यांच्या लक्षात राहत नाही. रोज सकाळी चहा-बिस्किटं घेऊन येणारा हा चष्मेवाला माणूस कुठल्यातरी ऑफिसातला असणार, असं त्यांनी आपलं ठरवून टाकलंय. ऑफिसचं खरं आहे, अंधेरीला जातो मी. पण कापडगिरणीत आयुष्य काढलेल्या माणसाने पोटच्या पोराला साहेब म्हणावं, हे ऐकायला बरं वाटत नाही. बायको म्हणते, मनाला लावून घेऊ नकोस. मी लावून घेतो.

एकाच जागी बाबा पुन्हा बाबा व्हायचे. चारकोपच्या जुन्या सलूनमधल्या खुर्चीत.

लालबागची चाळ सोडून आम्ही चारकोपला सेक्टरमधल्या घरात आलो, तेव्हा मी शाळेत होतो. सलून पिठाच्या गिरणीला लागून होतं. पीठ उडून बाकड्यावर बसायचं, त्यामुळे तिथे वाट बघत बसलेला माणूस नंबर लागेपर्यंत अर्धा पिकलेला दिसायचा. समोरासमोर दोन आरसे, दोन खुर्च्या. त्यातली एक खुर्ची फिरायची, दुसरी अडकलेली होती आणि तिच्यावर जुने पेपर रचलेले असायचे. लहान मुलांसाठी खुर्चीच्या हातांवर आडवी ठेवायची एक फळी होती. त्या फळीवरून खाली खुर्चीत बसायला मिळालं, त्या दिवशी मी घरी चालत न येता पळत आलो होतो.

सलूनवाले काका मालवणकडचे आणि बाबाही त्याच बाजूचे. वयात दहाएक वर्षांचं अंतर असेल. काका बाबांना दादा म्हणत. बाबा खुर्चीत टेकले की काका पांढरं कापड झटकत आणि विचारत, "काय दादानू, बारीक काय मिडियम?"

बाबांचं उत्तरही ठरलेलं. "कशेय काप, पण उंदरान खाल्ल्यासारखे नको."

दोघंही हसायचे. दर वेळी तेच बोलणं आणि दर वेळी तेच हसणं. मला कॉलेजात असताना याचा भयंकर कंटाळा यायचा. एकदा मी आईला म्हणालोसुद्धा, यांना दुसरा काही जोक माहीत नाही का?

माझ्या ऑफिसातली पोरं अपॉइंटमेंट घेऊन केस कापायला जातात. मीही एकदा त्यांच्या नादाने गेलो. तिथे कॉफी दिली, डोकं धुतलं आणि माझ्या केसांचं काय काय बिघडलंय ते एका मुलाने मला इतक्या काळजीने सांगितलं की बाहेर पडताना माझ्या हातात तीन बाटल्या होत्या. काकांनी मला आयुष्यात काही सुचवलं नाही. माझी टाळू उघडी पडायला लागली तेव्हा ते फक्त म्हणाले, "आता काम कमी झाला." बाकड्यावरच्या चारजणांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि का कोण जाणे, मला हलकं वाटलं.

त्या दुकानात माणसं का जात राहायची, याचा मी अलीकडे बराच विचार करतो. राजकारणावर तावातावाने भांडता येतं, पेपर फुकट मिळतो, हे सगळं आहेच. पण मला वाटतं खरी गोष्ट वेगळी आहे. मोठ्या झालेल्या पुरुषाच्या तोंडाला हात कोण लावतं? आई लावायची, ती गेली की संपलं. त्यानंतर फक्त न्हावी. काका कोमट पाण्याचा हात गालावरून फिरवायचे, साबणाचा ब्रश गोल गोल घुमवायचे, दोन बोटांनी हनुवटी किंचित उचलायचे, शेवटी तुरटीचा खडा फिरवून मानेवर पावडर थापायचे. दिवसभर जगाशी वाद घालणारी माणसं तिथे डोळे मिटून गळा वस्तऱ्यापुढे करून बसायची. घरी असं कुणापुढे बसता येत नाही.

बाबांच्या डोक्यातलं एकेक पुसलं गेलं तरी हे राहिलं. आम्ही बोरिवलीला बिल्डिंगमध्ये राहायला आलो होतो, पण महिन्यातून एकदा मी त्यांना रिक्षाने चारकोपला न्यायचो. रिक्षात ते मला विचारायचे, "साहेब, कुठे नेताय?" दुकानाची पायरी चढली की पाठ ताठ व्हायची. काका कापड झटकायचे, ठरलेला प्रश्न विचारायचे आणि घरी दिवस दिवस तोंड न उघडणारा हा माणूस खणखणीत उत्तर द्यायचा. साबण लागायच्या आधीच आपण होऊन हनुवटी वर करायचा. मी बाकड्यावर बसून आरशातून बघायचो. एकदा तर आरशात माझ्याकडे बोट दाखवून ते काकांना म्हणाले, "झील माझो." माझा मुलगा. मी पेपर तोंडासमोर धरला.

आता ‘वाढवणं’ या शब्दाकडे येतो.

मी शाळेत असताना बाबांनी एकदा संध्याकाळी मला बघायला पाठवलं, सलून उघडं आहे का. काका केर काढत होते. मी दारातूनच ओरडलो, "काका, दुकान बंद केलं का?" त्यांनी झाडू थांबवला. "बंद नाय म्हणूचा रे. वाढवलंय म्हणूचा." घरी आल्यावर बाबांनी समजावलं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. कुंकू संपत नाही, वाढतं. तसं दुकानही कुणी बंद करत नाही. संध्याकाळी वाढवतात, सकाळी उघडतात. संपण्याचा शब्द तोंडातून काढायचा नाही, म्हणजे ती गोष्ट संपत नाही. मला हे तेव्हा फार आवडलं होतं. मी कंपासपेटीतली पेन्सिल संपली तरी वाढली म्हणायचो आणि बाई हसायच्या.

म्हणजे हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही. चांगला माहीत होता.

काकांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो, मीटिंगमधून उठून बाहेर आलो. काका सहसा फोन करत नसत. म्हणाले, "अरे, रविवारी दुकान वाढवतंय. त्याच्या आधी दादांका एकदा घेवन ये."

मी काय ऐकलं ते सांगतो. चारकोपच्या त्या रस्त्यावर सगळेच दुकान वाढवत होते. चष्म्याच्या दुकानदाराने मधली भिंत पाडून दोन गाळे एक केले होते, केमिस्टने काचेचं दार लावलं होतं. काकांच्या शेजारचा झेरॉक्सचा गाळा रिकामा पडला होता आणि आदल्या दिवाळीपासून मीच त्यांच्या मागे लागलो होतो. तो गाळा घ्या, एसी बसवा, दोन पोरं ठेवा, पिठाची गिरणी काय कायमची आहे? ते हसण्यावारी नेत. त्यामुळे फोनवर मला वाटलं, शेवटी ऐकलं माझं. आमच्या मीटिंगमध्येही सकाळपासून धंदा वाढवण्याचंच चाललं होतं. त्याच कानाने मी काकांचंही ऐकलं.

"अरे वा काका, झकास," मी म्हणालो. "एसी बसवताय ना?"

काका मग म्हणाले, "एसी कसलो रे."

"आणि बाबांना आत्ता नको. तोडफोड सुरू असेल, धूळ असेल, त्यांना खोकला होतो. सगळं होऊ दे, मग आणतो. नव्या खुर्चीत बसवू त्यांना."

"बरा," काका म्हणाले. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "सांभाळ दादांका."

या शेवटच्या वाक्याने तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती. दुकान मोठं करणारा माणूस असं कशाला म्हणेल? मी मीटिंगमध्ये परत गेलो. घरी आल्यावर बायकोला आनंदाने सांगितलं की काका दुकान वाढवतायत. ती नागपूरची, तिनेही तोच अर्थ घेतला आणि हसून म्हणाली, छान झालं.

तीनेक आठवड्यांनी, बाबांचे केस कानावर आले तेव्हा, मी त्यांना घेऊन गेलो. पिठाची गिरणी चालू होती. शेजारचं सलूनचं शटर खाली होतं. पाटी काढलेली होती आणि ती होती तेवढा भिंतीचा तुकडा नव्या रंगाचा दिसत होता. दुसरी, न फिरणारी खुर्ची शटरबाहेर ठेवलेली, बहुतेक भंगारवाल्यासाठी. मला तरीही कळलं नाही. मी बाबांना म्हणालो, "काम चालू असेल हो आत. दुकान मोठं करतायत काका."

बाबा शटरकडे बघत उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता, जुन्या आवाजात म्हणाले, "वाढवल्यान."

वाढवलं त्याने. काकांनी कुठल्या अर्थाने म्हटलं होतं ते मला तिथे, बाबांच्या तोंडून ऐकल्यावर कळलं. स्वतःच्या मुलाचं नाव विसरलेल्या माणसाला तो शब्द बरोबर कळला आणि मला कळला नव्हता. मी भंगाराच्या त्या खुर्चीला धरून उभा राहिलो. बाबांनी विचारलं, "साहेब, बरं वाटत नाही का?"

गिरणीवाल्याने बाकीचं सांगितलं. गाळ्याचा मालक गेला, मुलांनी गाळा विकला, काकांचे गुडघेही आता उभं राहू देत नव्हते. बायकोला घेऊन ते गावी गेले. शेवटच्या रविवारी जुनी गिऱ्हाइकं येऊन बसली होती, एकेकाने दाढी करून घेतली. "तुमच्या बाबांची वाट बघत होते," गिरणीवाला म्हणाला. "दुपारी जेवायला गेले नाहीत. म्हणाले, येतील."

त्यानंतर मी जे केलं ते शहाणपणाचं नव्हतं. पण बाबांना तसंच परत न्यायचं माझ्या जिवावर आलं. पुढच्या चौकात काचेचं सलून होतं, तिथे नेलं. पोरगा चांगला होता, त्याला दोष देत नाही. "अंकल, साइड से छोटा कर दूँ?" म्हणून त्याने कानाशी मशीन धरलं आणि मशीनचा आवाज झाल्याबरोबर बाबांनी खुर्चीचे हात घट्ट पकडले. डोकं इकडून तिकडे हलवू लागले. "साहेब, मला घरी सोडा," म्हणाले. "माझी चूक झाली." कसली चूक, कुणाला माहीत. अर्धं डोकं कापलेलं होतं, तसंच कापड काढून मी त्यांना रिक्षात बसवलं. बोरिवलीपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. तेवढंच काय ते.

संध्याकाळी काकांना फोन लावला. गावात रेंज नसते, बऱ्याच प्रयत्नांनी लागला. मी म्हणालो, "काका, मला वाटलं तुम्ही दुकान मोठं करताय."

 मग ते हसले, पण ते हसणं काही पूर्ण झालं नाही. "माका वाटला, तुका कळला. कळला आणि तुका येवक जमणा नाय."

कळलं, पण तुला यायला जमत नाही. इतके दिवस त्यांनी हे मनात धरलं होतं. मी नाही नाही म्हणत राहिलो. मला समजावता येईना. मराठी माणसाला मराठी शब्द कळला नाही, हे कसं समजावणार? ज्यांनी तो शब्द मला शिकवला त्यांनाच?

शेवटी तेच म्हणाले, "दादा खंय आसत? दी फोन."

बाबा खिडकीजवळ बसले होते. एका बाजूचे केस आखूड, दुसऱ्या बाजूचे कानावर आलेले, मागे मशीनने काढलेला एक चट्टा. मी फोनचा स्पीकर चालू करून त्यांच्यासमोर धरला. कोकणातून, खरखरत, काकांचा आवाज आला.

"काय दादानू, बारीक काय मिडियम?"

बाबांनी फोनकडे बघितलं नाही. त्यांची पाठ ताठ झाली. "कशेय काप," ते म्हणाले, "पण उंदरान खाल्ल्यासारखे नको."

काका हसले नाहीत; त्यांनी नाक ओढल्याचं मला ऐकू आलं. बाबांनी डोळे मिटले आणि साबणासाठी हनुवटी वर केली. मी फोन धरून उभा होतो. फोन कट झाला, मी तो खाली ठेवला, तरी त्यांनी हनुवटी तशीच वर धरून ठेवली होती.