एका मुक्याचं भेव

केशोरीच्या रुख्माला लोक तोऱ्याची बाई म्हणत. ती कुणाच्या घरचा चहा घेत नसे, कुणाच्या लेकराचा पापा घेत नसे, पाण्याचा गडूही स्वतःचा वेगळा ठेवी. नवरा रेल्वेत लागला म्हणून हिला माज चढला, असं गावानं ठरवून टाकलं होतं. गावाला ठरवायला काय लागतं? रुख्माला माज नव्हता, धास्ती होती. ती कुणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून तिनं माजाचा आळ मुकाट सोसला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

सगळं सुरू झालं ते एक्कावन्न सालच्या मंडईत. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा. दिवाळीनंतर ती गावोगाव भरते, दंडारीचे नाच-सोंगांचे खेळ होतात, परगावी गेलेले पुरुष घरी येतात. तसा दुधरामही आला. तो गोंदियाला इंजिनांच्या शेडमध्ये कोळसा ओढायच्या कामाला होता. रुख्मा गावीच राहून दोन बांध्यांचं, म्हणजे भातखाचरांचं, धान सांभाळी. सासू-सासरे गेलेले, मूलबाळ अजून नव्हतं. त्या दुपारी सगळं गाव मंडईकडे लोटलं होतं आणि ती चुलीवरून भाताचं गंज उतरवत होती. दुधरामनं तिला खांद्याला धरून वळवलं आणि तिच्या ओठांचा मुका घेतला.

कुणी म्हणेल, नवऱ्यानं बायकोचा मुका घेतला, त्यात सांगण्यासारखं काय? पण त्या काळी आमच्याकडे मुका घेत तो लेकराचा, तोही गालाचा. नवरा-बायको अंधारात संसार करत, चार-सहा लेकरं होत, पण तोंडाला तोंड लावणं म्हणजे उष्टं खाल्ल्यासारखं. रुख्मा लाजली, हसली, पदर तोंडाशी धरून अंगणात पळाली. अंगणात गेल्यावर मात्र तिच्या मनात आलं, हा हे शिकला कुठं? आपल्याकडून तर नाही. मग शहरातल्या कुठल्या बाईकडूनच शिकला असणार.

दुधराम कामावर परतला आणि आठवड्याच्या आत रुख्माच्या तोंडात फोड आले. शेजारच्या बायजाबाईनं तिला मागंच एकाची गोष्ट सांगितली होती. तो पलटणीतून गरमी घेऊन आला. गरमी म्हणजे बाहेरख्याली माणसाला लागतो तो गुप्त रोग. त्यानं तो बायकोला दिला आणि तिची लेकरं पोटातल्या पोटात गेली. रुख्मानं जिभेनं फोड चाचपला आणि त्याच दिवशी आपला पाण्याचा गडू वेगळा केला.

होळीला दुधराम आला तेव्हा तिनं त्याची खाट ओसरीत टाकली. तो जवळ आला की ती तोंड फिरवी.

"काऊन वो, काई चुकलं का माहं?" त्यानं विचारलं.

"काई नाई."

"मंग दूर दूर कायले पळून राहिली?"

ती गडू घेऊन विहिरीकडे निघून गेली. दुधरामनं पुढच्या खेपेलाही विचारलं. त्यानंतर त्यानं विचारणं सोडलं आणि मग हळूहळू येणंही. रुख्माचं घर फार मोठं नव्हतं, तरी तिला ते मोठं वाटू लागलं. ती दिवसभर बांधीत राबे, संध्याकाळी एकटीपुरता भात टाके आणि अर्धा गाईला घाली. दुधराम यावा असं तिला वाटे, आणि येऊ नये असंही. संशयाला औषध नाही म्हणतात ते खरं. आणि औषध असलं तरी ते मागायला कुणाकडे तरी जावं लागतं.

चार वर्षांनी फोड एवढे वाढले की भाताचं शीत गिळवेना, तेव्हा ती अर्जुनीहून छोट्या रुळांच्या आगगाडीत बसून गोंदियाच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीण सुलोचनाबाईंनी तिचं तोंड उजेडाकडे करून पाहिलं.

"गुडाखू घासती हो क्या?"

"हो. दोन-तीनदा." गुडाखू म्हणजे गुळात मळलेली तंबाखू. बाया दातांवर घासतात. रुख्मानं पहिली डबी त्याच मंडईत घेतली होती, आणि एकटेपणात तिला तेवढाच विरंगुळा होता.

"बंद करो. तोंड जळालंय त्यानं."

मग रुख्मानं मान खाली घालून सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. मुक्यानं तो रोग लागू शकतो, पण क्वचित, आणि समोरच्याच्या तोंडात जखम असेल तर, असं त्यांनी समजावलं. "त्याच्या तोंडात काही होतं?"

"नाई जी. विलायचीचा वास येत होता."

तरी त्यांनी रक्त घेतलं आणि महिन्याभरानं बोलावलं. महिन्यानं फोड गेले होते आणि रक्तही साफ निघालं. रुख्मा दवाखान्याच्या पायरीवर बसून पोटभर रडली आणि उठून थेट रेल्वेच्या चाळीकडे निघाली.

दुधरामच्या दाराशी लाल लुगडं वाळत होतं. आत एक बाई लेकराला पाजत बसली होती. तिचं नाव प्रेमिला, हे रुख्माला नंतर कळलं. दुधराम बाहेर आला, दोघींकडे पाहून गोरामोरा झाला आणि रुख्माला पोचवायला स्टेशनकडे चालू लागला.

फलाटावर तिनं विचारलं, "तोंडाचा मुका कोठं शिकले होते तुमी?"

"टाकीजमंदी," तो म्हणाला. "शेडमधले पोरं घेऊन गेले होते. इंग्रजी सिनेमा होता. वाटलं, आपल्या बाईले बी असं करून पाहावं."

मग रुख्मानं फोडांचं, गरमीच्या भेवाचं, आजच्या रक्ताचं सगळं सांगितलं. दुधराम खाली बसला.

"मंग मले विचारलं काऊन नाई?"

"नवऱ्याले असं विचारते का कोणी?"

"मले वाटलं, तुले माही किळस येते. कोळशातला माणूस." त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले.

गाडी लागली. रुख्मा खिडकीशी बसली. दुधरामनं गजाला हात धरला आणि हळूच विचारलं, "त्या रोजी तुले कसं वाटलं होतं?"

"गोड वाटलं होतं," ती म्हणाली. "म्हूनच तं भेव लागलं."

गाडी हलली. दुधराम गज धरून थोडं अंतर चालला, मग त्यानं हात सोडला. त्याला घरी जायचं होतं.