हळद पुसलेला गाल

सकाळपासून घरात डाळीच्या पिठात हळद कालवल्याचा वास आहे, आणि मला दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतलं शेगाव स्टेशन आठवतंय. ताईला दाखवून आम्ही दोघं परत निघालो होतो. मुलाच्या आत्यानं ओल्या पदरानं तिचा गाल पुसला होता, "खालून काळीच हाये पोरगी" म्हणाली होती. नकार पहिला नव्हता. फलाटाला पलटणीची गाडी लागली होती आणि नळावर दोन आफ्रिकी शिपाई तोंड धूत होते, माझ्याच वयाचे. चहावाला ओरडला, "पाहुणे आले वं बाई, तुह्या रंगाचे!" ताईला रडू फुटलं. शिपायांनी कारण विचारलं. घरात इंग्रजी शिकलेला मी पहिलाच, मी सांगितलं. एक जण सोबत्याला इंग्रजीतच म्हणाला, "मला वाटायचं, हे फक्त आपल्याच वाट्याला आलंय." दुसरा म्हणाला, "गोऱ्यांचं सोड. माझी ती माझ्याइतकीच काळी, तरी मला नकार देताना म्हणाली, पोरं उजळ हवीत." मी ते ताईला सांगितलं. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "इचार त्याले, मले नेते का." ती थट्टा करत नव्हती. मी विचारलं. तोही हसला नाही. "तिला सांग, आम्हालाच कुठं नेताहेत ते ठाऊक नाही." गाडी गेली. ताईनं त्याच नळावर उरलेली हळद खसखसून धुतली. दुसऱ्यांच्या शेतात निंदून तिनं मला पदवीपर्यंत नेलं. तिला कोणी नेलं नाही. आत सून नातीला म्हणतेय, "अजून घास वं, संध्याकाळी पाहुणे येतात."