पाठ झालेला तक्ता

काल बेलवलीत चष्म्याच्या दुकानात अक्षरांचा तक्ता पाहिला आणि बारवी धरणाजवळच्या पाड्यावरचं आमच्या क्लबचं नेत्रशिबिर आठवलं. सारवलेल्या ओट्यावर तक्ता धरून मी उभा होतो. एकेक बाई धडाधड सगळ्या ओळी वाचत होती. कुणालाच चष्मा लागणार नाही असं समजून अध्यक्ष चष्म्यांची खोकी गाडीत परत ठेवायला लागले. तेवढ्यात माझ्या हातून तक्ता निसटून खाली पडला. समोरची आजी मात्र वाचतच राहिली. पुढचीचं ऐकून सगळ्यांनी पाठ केलं होतं! "आजी, तक्ता पडला," मी म्हटलं. ती रडवेली झाली, "मंग मी नापास झाले का रं?" काल दुकानात माझी पाळी येईपर्यंत मीसुद्धा पुढच्या माणसाचं ऐकून शेवटची ओळ पाठ करत होतो.