डॉक्टरबाई आणि संजूचे ससे

डॉक्टरबाई आडून-आडून बोलल्याचं मला आठवत नाही. नव्वद सालानंतर कधीतरी इंदापूरला जनावरांच्या दवाखान्यात त्यांची बदली झाली आणि आसपासच्या गावांतल्या बाप्यांची पंचाईत झाली. गाय आटली, म्हैस वैरण खात नाही, हे बाईला सांगायला कुणाची हरकत नव्हती. पण खोंड खच्ची करायचाय, हे बाईमाणसासमोर बोलायचं कसं? मिशा पांढऱ्या झालेली माणसं टोपी काढून डोकं खाजवत उभी राहायची. “बाई, खोंड जरा शांत करायचा हुता.” डॉक्टरबाई मान वर न करता विचारायच्या, “म्हणजे गुंगीचं औषध देऊ, की खच्ची करू?” “त्येच की. तुमी म्हनला त्येच.” “मग तसं म्हणा ना तात्या. एवढं लाजायचं काय? खोंड तरी लाजतोय का?” मग त्या मोठा चिमटा घेऊन पुढं व्हायच्या आणि खोंडाचा मालक रस्त्यावरून जाणारे उसाचे ट्रॅक्टर बघत पाठमोरा उभा राहायचा.

हे मला ठाऊक, कारण दवाखाना आमच्या गल्लीच्या तोंडाशीच होता आणि डॉक्टरबाई आमच्याच पुढच्या खोलीत भाड्यानं राहायच्या. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या डेपोत मेकॅनिक. मी रोज बसनं बारामतीला कॉलेजला जायचे. माझ्यामागं धाकटा संजू. आई घरीच. एकटी राहणारी बाई भाडेकरू म्हणून घ्यायला गल्लीत कुणी तयार नव्हतं, आणि आम्हाला खोली द्यायचीच होती, एवढा साधा मामला.

“बरं होईल” हे दोन शब्द डॉक्टरबाईंकडं नव्हतेच. कुणी विचारलं, “बाई, वाचंल न्हवं?” तर त्या जनावराच्या पोटावर हात ठेवून क्षणभर थांबायच्या आणि म्हणायच्या, “नाही वाचणार.” किंवा “आज नाही सांगता येत, उद्या या.” लोकांना हे झोंबायचं. बाईची जीभ काळी आहे, असंही बोललं गेलं. काहीजण गाय टेम्पोत घालून थेट बारामतीला न्यायचे, कारण तिथला खाजगी डॉक्टर निदान पाठीवर हात तरी ठेवतो म्हणे. मालकाच्या.

एकदा गल्लीतल्या चार बायका आमच्या दारात डाळ निवडत बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं मुद्दाम खडा टाकला, “बाई, एवढं शिकला, नोकरीला लागला, मग लग्नाचं काय?” डॉक्टरबाई चपला काढता काढता म्हणाल्या, “ठरलं होतं. गुरांच्या घाणीत हात घालणारी सून नको म्हणून त्यांनी मोडलं. मला फार वाईट वाटलं. वर्षभर वाटलं.” आणि हातपाय धुवायला आत गेल्या. बायकांचे हात सुपात तसेच राहिले. आई तेवढी हसली. म्हणाली, “घ्या, आता काय कुजबुजायचं ठिवलंच न्हाय तिनं.”

तेव्हा आई हसायची, म्हणून हे लिहिलं. पुढं ती हसायची थांबली.

संजूला कावीळ झाली. आधी गावातलं औषध झालं, मग पोट फुगायला लागलं तसं आण्णांनी त्याला बारामतीला दवाखान्यात ठेवलं. मला कॉलेजची सुट्टी होती, आणि दोन दिवसांत आणतोच म्हणून त्यांनी आईला आणि मला घरीच ठेवलं. एका सकाळी डेपोतले एकजण सायकलवरून आले आणि म्हणाले, “संजू जरा सिरीयस हाय, घरीच आणत्यात.” आमच्याकडं असंच सांगतात. मेला, असं आईला कुणी सांगत नाही. जरा सिरीयस आहे म्हणतात, आणि तोवर शेजारणी अंगण झाडायला घेतात, कुणीतरी खुर्च्या आणतं, पाहुणे एकेक करून गल्लीच्या तोंडाशी उभे राहतात. आई दारात उभी राहून ज्याला त्याला विचारत होती, “आरं, लई सिरीयस हाय का?” आणि जो तो दुसरीकडं बघत होता. जीप आली, मागचं दार उघडलं, तेव्हा तिला कळलं.

ती रडली नाही. पुण्यानुमोदनाला माणसं आली, बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, सगळ्यांनी तिला सांगितलं की रड बाई, मोकळी हो. ती वाढपाची भांडी घासत बसली. मीही रडले ते लोकांच्यात, लोक रडत होते म्हणून. नंतर आत काही उरलं नाही. पाय अंगाखाली घेऊन फार वेळ बसलं की तो आपला वाटत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. कॉलेजला जायचे, यायचे, जेवायचे. आण्णा डेपोतून येऊन भिंतीला टेकून बसायचे. संजूचं शेवटी काय झालं, हे त्यांच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि विषय काढायचा नाही, आईला त्रास होईल, असं मोठ्या माणसांनी ठरवून टाकलं होतं.

संजूचं म्हणून घरात एकच जिवंत उरलं होतं, ते म्हणजे त्याचे दोन ससे. बारामतीच्या बाजारातून त्यानं जोडी म्हणून आणले होते, राजा आणि राणी. सफरचंदाच्या खोक्याला जाळी मारून त्यानंच पेटी केली होती. आई बोलायची तर त्या सशांशी. सकाळी उठली की आधी लसूणघास आणायची, मग आमचा चहा.

पावसाळा संपता संपता राजा-राणी भांडायला लागले. भांडण म्हणजे साधं नव्हे. जाळीला केस चिकटलेले, राजाचा कान फाटलेला, राणीच्या मागच्या पायांमधून रक्त. आई घाबरली. घाबरलेली तरी दिसली, याचं मला तेव्हा बरं वाटलं. तिनं डॉक्टरबाईंना हाक मारली. बाईंनी राणीला मांडीवर उताणी धरली, फुंकर मारून केस बाजूला केले आणि म्हणाल्या, “आई, हा नर आहे. दोघंही नर आहेत. वयात आलेत, आता एकमेकांना जगू देणार नाहीत. एक कुणाला तरी देऊन टाका, नाहीतर वेगळे ठेवा.”

“वेगळं न्हाय ठिवायचं,” आई म्हणाली. “त्येनं एकत्र ठिवलेत.”

आण्णांनी दुसरी पेटी केली. आईनं दुपारी दोघांना पुन्हा एकीत घातलं. आम्ही वेगळे करायचो, ती एकत्र करायची. मग पुन्हा रक्त. शेवटी तिनंच डॉक्टरबाईंना विचारलं, “खोंडाचं करता, तसं ह्यांचं व्हतंय का?”

“होतं. पण मी ससा कधी केलेला नाही. बोकड केलेत, कुत्री केलीत. सशाला भूल सोसत नाही, चटकन जातो.”

“आसंच ठिवलं तर?”

“तर एक दुसऱ्याला मारणार.”

डॉक्टरबाई रजा टाकून मुंबईला आपल्या जुन्या सरांकडं जाऊन आल्या. सशाला किती भूल द्यायची, कापायचं कुठं, शिवायचं कसं, सगळं विचारून आल्या. आल्यावर आईसमोर बसल्या. “करते. पण दोघंही जगतील असं मी म्हणणार नाही.” आईनं जाळीला चिकटलेले केस वेचून काढले. मग म्हणाली, “करा.”

रविवारी दवाखाना बंद असतो, म्हणून रविवारी करायचं ठरलं. आण्णा आणि मी पेटी घेऊन गेलो. आई आली नाही. सशांना उपाशी ठेवायचं नाही असं बाईंनी सांगितलं होतं, म्हणून निघेपर्यंत ती त्यांना घास भरवत होती. आधी राणीचं झालं. टेबलावर तो एवढासा जीव, त्यावर बैलांची सवय असलेल्या हातांची ती बाई वाकलेली. नीट झालं. राणी टॉवेलात गुंडाळून माझ्याकडं दिली, नाक हलत होतं. मग राजा. त्याला सुई दिली, बाईंनी ब्लेड हातात घेतलं आणि थांबल्या. कान लावला. दोन बोटांनी छाती दाबत राहिल्या, तोंडाजवळ तोंड नेऊन फुंकत राहिल्या. बऱ्याच वेळानं सरळ उभ्या राहिल्या. “गेला,” म्हणाल्या. मला काही वाटलं नाही, हे अगदी खरं सांगते. मी राणीचं नाक बघत होते.

आण्णा लगेच बोलायला लागले, आणि तेवढं बोलताना मी त्यांना कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. “बाई, घरी न्हाय सांगायचं. एकटी राणीच न्यायची. राजा दवाखान्यात ठिवलाय म्हनू, जरा सिरीयस हाय म्हनू. दोन दिसांनी बघू. तिला न्हाय सोसायचं.”

“नाही आण्णा. माझ्या हातून गेलाय, मी सांगणार.”

“बाई, हात जोडतो.”

“मीही हात जोडते. पण सांगणार.”

आई उंबऱ्यात बसली होती. डॉक्टरबाई टॉवेलातला राजा दोन्ही हातांवर घेऊन तिच्यापुढं बसल्या, खाली, फरशीवरच. “आई, राजा मेला. भूल दिली ती त्याला सोसली नाही. राणी जगलीय.”

आईनं टॉवेल उघडून बघितलं. मला वाटलं, आता ही कोसळणार. पण ती नीट आवाजात विचारायला लागली.

“तरास झाला का त्येला?”

“सुई टोचली तेवढाच. मग झोपला, झोपेतच गेला.”

“वरडला का?”

“नाही.”

“तुमी हुता जवळ?”

“माझे हात त्याच्यावरच होते.”

आई मान हलवत होती, जणू एकेक उत्तर जागेवर ठेवत होती. मग तिनं आण्णांकडं बघितलं. आण्णा अजून अंगणातच उभे होते, रिकामी पेटी धरून.

“आता तुमी सांगा,” ती म्हणाली.

आण्णांनी पेटी खाली ठेवली. डॉक्टरबाई उठायला लागल्या, तर आईनं त्यांचा हात धरला आणि सोडला नाही.

“दिवसभर तुलाच इचारत हुता,” आण्णा म्हणाले. “आई कुठं हाय, आई कवा येणार. मी तुला बोलावलंच न्हवतं. वाटलं उद्या उतार पडंल, कशाला घोर लावा. मी त्येला म्हनलं, आई निघालीया. यष्टीत बसलीया. निम्म्या वाटंपातुर आली आसंल. मग म्हनलं, आता स्टँडवर उतरली आसंल. दाराकडं तोंड करून पडला हुता. तसाच गेला.”

मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. मी राणीला घेऊन खालीच बसले.

“म्हंजी त्येला वाटलं, मी येतीया,” आई म्हणाली.

“व्हय.”

“मी न्हाय आली आसं न्हाय ना वाटलं?”

“न्हाय. येतीया आसंच वाटलं.”

आणि आई रडली. गल्ली गोळा होईल एवढ्या मोठ्यानं, पोरगा गेल्यावर आई रडते तशी. बायका धावत आल्या, “अगं बया, काय झालं? काय झालं?” करत दारात शिरायला लागल्या. आण्णा काहीतरी सावरायला पुढं झाले होते. पण त्यांच्याआधी डॉक्टरबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“संजू मेला म्हणून त्याची आई रडतेय,” त्या म्हणाल्या. “रडू द्या तिला.” आणि त्यांनी दार लावून घेतलं.