एकतिसावी काच

घरात काहीही हरवलं की आत्या विचारते, "किती जागा बघितल्यास?"

"सगळीकडे शोधल्या हो किल्ल्या, वन्सं," आई रडकुंडीला येते.

"सगळीकडे म्हणजे किती? शंभर जागा बघितल्याशिवाय 'नाही' म्हणायचं नाही."

ही खोड प्रयोगशाळेतली. तिथे हिवतापाच्या नव्या औषधावर संशोधन चालतं. औषध घेतलेल्यांचं रक्त काचेवर येतं आणि आत्या बावीस वर्षं ते सूक्ष्मदर्शकाखाली बघते. शंभर जागी नजर फिरवून एकही जंतू सापडला नाही, तरच 'निगेटिव्ह' लिहायचं. तिथे तिचं नावच पडलंय, शंभर नंबरी.

दरवर्षी काचा बघणाऱ्यांची परीक्षा होते. पन्नासात पंचेचाळीस बरोबर हव्यात, नाहीतर सहा महिने सूक्ष्मदर्शक बंद आणि जंतू उठून दिसावेत म्हणून काचा रंगवतात त्या टेबलावर रवानगी. यंदा आत्याच्या चव्वेचाळीस निघाल्या.

मोठे सर नाकातून, एकेक शब्द ताणत म्हणाले, "म्हणजेऽ बघा हं, ताई... वय काय, सगळ्यांचंच होतं. डोळे एकदा दाखवून घ्या."

पाच चुका आत्याने निमूट मान्य केल्या. सहावी घशाखाली उतरेना. एकतिसाव्या काचेवर तिला एक जंतू दिसला होता, आणि ती काच म्हणे रिकामी. तिने ती परत मागवली. लेन्स पुसली, काच आणि लेन्सच्या मध्ये नेहमीचा तेलाचा थेंब टाकला. शंभर जागा बघितल्या, मग आणखी शंभर.

"रिकामीच आहे हो ती, ताई," शेजारच्या सूक्ष्मदर्शकावरची चष्मेवाली पुटपुटली. ती बोलते तेव्हा उंदीर कागद कुरतडतोय असं वाटतं.

आत्याचा हात स्क्रूवर थबकला. "परीक्षेत तो जंतू स्पष्ट दिसायला मला लेन्स जरा वर घ्यावी लागली होती."

"मग?"

"मग तो जंतू काचेवर नव्हताच. तेलात तरंगत होता. तिसावी काच जंतूंनी खचाखच भरलेली होती. तिचंच तेल लेन्सला राहिलं. मी पुसलीच नाही गं!"

सर खूश. "म्हणजेऽ डोळे ठणठणीत! मग तो एक मार्क देऊनच टाकू."

"कशाबद्दल, सर? लेन्स पुसली नाही म्हणून? खरी काच असती तर बऱ्या झालेल्या माणसाला मी आजारी ठरवलं असतं. आणि तुम्ही औषधाला नावं ठेवली असती."

सरांनी चव्वेचाळीसच कायम ठेवले.

आत्या रंगवायच्या टेबलावर गेली. बोटं जांभळी, तोंडाचा पट्टा चालूच. तिसऱ्या आठवड्यात चष्मेवाली तिच्याकडे आली. "ताई, एकच दिसतोय. जरा बघता?"

"मला बंदी आहे. लेन्स पुसलीस?"

चष्मेवालीने जीभ चावली.

"पूस आधी. मग शंभर जागा बघून ये."

अर्ध्या तासाने ती परत आली. "नाहीये हो, ताई."

घरी आल्यावर आत्याने हे आम्हाला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा चष्मेवालीच्या आवाजात. जमत मुळीच नव्हतं, पण मी चुका काढल्या नाहीत. फेरपरीक्षेला अजून पाच महिने आहेत. तोवर ती घरातली प्रत्येक काच पुसतेय.